दया, दत्तक आणि दाखला

मे २०२१ मध्ये एक मजकूर आपणांपैकी बहुतेकांच्या मोबाइलवर येऊन गेला असेल. काही दिवसांची मुलगी, काही महिन्यांचा मुलगा, आईबाप कोरोनाने गेलेले, कोणास दत्तक घ्यावयाचे असल्यास खालील क्रमांकावर फोन करावा, आणि हा निरोप जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवावा. माझ्याकडे तो सात जणांनी पाठविला. त्यांत दोन शिक्षक होते, एक निवृत्त मामलेदार होते आणि आमच्या आळीतल्या भजनी मंडळाच्या एक बाई होत्या. सारी माणसे सज्जन. कोणाच्या उष्ट्या पाण्यालाही न शिवणारी, पण त्या दिवशी कोणाचे तरी मूल कोणाला तरी देऊन टाकायला निघालेली!

मी पेशाने मास्तर. फावल्या वेळी कादंबऱ्या लिहितो. निबंध तपासण्याची सवय हाडीमाशी खिळलेली, म्हणून तो मजकूरही मी तसाच तपासला. त्यात गावाचे नाव नव्हते. तालुका नव्हता. दवाखाना नव्हता. आईबापांची आडनावे नव्हती. होता तो फक्त दहा आकडी नंबर. सातही जणांना मी एकच प्रश्न उलट पाठविला : या मुलांचे आजी-आजोबा कोठे आहेत? उत्तर एकाचेही आले नाही. मामलेदारांनी मात्र हात जोडल्याचे चित्र पाठविले.

सणासुदीच्या अंकात, चकलीचा तुकडा तोंडात असताना, हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण दिवाळी हा घराचा सण आहे, आणि मी बोलणार आहे ते घर कोणाला मिळावे आणि कसे मिळावे याबद्दलच. शिवाय साथ सरली म्हणजे आपण सारे विसरतो. विसरण्यात आपला हात धरणारा दुसरा समाज नसेल.

त्या दिवसांत चोहोकडून एकच ओरड होती. 'जग बुडाले आहे आणि हे लोक नियम कसले कुरवाळीत बसले आहेत? नोंदणी काय, गृहभेट काय, समिती काय! मूल रडते आहे, घर मोकळे आहे, देऊन टाका.' ऐकायला हे किती गोड लागते! केंद्राच्या महिला व बालविकास खात्याला तेव्हा लोकांना सावध करावे लागले, आणि ७ जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयालाही राज्यांना सांगावे लागले की अनाथ मुले दत्तक देण्याच्या जाहिराती थांबवा, बेकायदा दत्तक देणाऱ्यांवर कारवाई करा. मुलांची खरेदी-विक्री हा २०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणे पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरीचा गुन्हा आहे. आमच्या सज्जनांना हे ठाऊक नव्हते असे नाही. साथीत कायदाही विलगीकरणात गेला असावा अशी त्यांची समजूत झाली होती, एवढेच.

आता ज्या नियमांवर एवढा राग, ते असतात तरी कसे? माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, कायद्याचे वाक्य मला दोनदा वाचावे लागते; पण दोनदा वाचले तर कळते. सापडलेले किंवा टाकलेले मूल चोवीस तासांच्या आत कळविले पाहिजे आणि बालकल्याण समितीपुढे आणले पाहिजे. आईने आपले मूल संस्थेच्या स्वाधीन केले, तर तिला फेरविचार करायला साठ दिवस द्यायचे. टाकलेल्या मुलाच्या आईबापांचा शोध घ्यायचा, आणि मगच ते दत्तक देण्यास मोकळे झाले असे समितीने जाहीर करायचे. घेणाऱ्यांच्या घरी संस्थेची बाई येते, बसते, चहा घेते, स्वयंपाकघरापर्यंत जाते, घरातल्या म्हाताऱ्यांशी बोलते. 'आम्ही काय चोर आहोत?' असे एका गृहस्थांनी मला विचारले होते. अहो, मुलगी देताना आपण मुलाच्या मावशीच्या दिराची चौकशी करतो. येथे तर मुलाच्या बाजूने चौकशी करायला कोणी उरलेलेच नाही.

या नियमांचे सरळ दोन ढीग होतात, आणि माझे भांडण आहे ते हे दोन ढीग एक करणाऱ्यांशी. एक ढीग कागदाचा : उत्पन्नाचा दाखला, वैद्यकीय दाखला, विवाहाचा दाखला, शिफारसपत्रे, शिक्के, तारखा. दुसरा ढीग डोळ्यांचा : कोणीतरी माणसाने जाऊन मूल पाहणे, घर पाहणे, आईला विचारणे, आजीला विचारणे. साथीत सैल करायचा तो पहिला ढीग. दुसऱ्याला हात लावायचा नाही. आणि केले कोठे कोठे काय? नेमके उलट.

इंग्लंडचे उदाहरण सांगतो, कारण तेथले सारे न्यायालयासमोर उघड झाले आहे. तेथल्या सरकारने २४ एप्रिल २०२० पासून दत्तक आणि संगोपनाचे नियम बदलले. नियम मांडले आदल्या दिवशी आणि लागू झाले दुसऱ्या दिवशी. सरकारी छत्राखाली परक्या घरी राहणाऱ्या मुलाला ठरावीक आठवड्यांनी भेटण्याचे बंधन सैल झाले, भेट फोनवर झाली तरी चालेल असे ठरले, आणि पालकांची पारख करणाऱ्या मंडळांची बैठक ऐच्छिक झाली. हे करताना संस्था चालविणाऱ्यांना विचारले होते. मुलांच्या हक्कांसाठी नेमलेल्या आयुक्तबाईंना मात्र विचारले नव्हते! मुलांसाठी काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेने दावा लावला. खालच्या न्यायालयात ती हरली. पण २४ नोव्हेंबर २०२० रोजी अपील न्यायालयाने निकाल दिला की, असे न विचारता नियम बदलणे बेकायदेशीर होते. तोवर त्यांतले बहुतेक बदल मुदत संपून गेलेही होते. साथ खोटी होती असे ती संस्था म्हणत नव्हती. घाईत पहिला बळी कोणाच्या संरक्षणाचा जातो, एवढेच तिने दाखवून दिले.

अमेरिकेतही मार्च २०२० मध्ये दरमहाच्या भेटी चित्रफोनवर घेण्याची मुभा दिली गेली. काही आठवडे दुसरा इलाज नसेल, मान्य. पण फोनवरच्या भेटीबद्दल मला कोणी सांगू नये. मी वर्षभर फोनवर शिकविले आहे. चाळीस पोरांच्या वर्गातली अकरा दिसायची. दिसायची म्हणजे कोणाचे कपाळ, कोणाची भिंत, कोणाच्या डोक्यावरचा पंखा. एक मुलगी दररोज एकाच कोपऱ्यात बसून 'हजर' म्हणायची. शाळा भरल्यावर ती आली तेव्हा तिचे वजन पाहून माझ्या पोटात गोळा आला. फोन ज्याच्या हातात असतो, तो दाखवील तेवढेच दिसते. घरात शिरल्याबरोबर जो वास येतो, मूल कोणाच्या मागे लपते ते जे दिसते, ते त्या काचेतून येत नाही. मुखपट्टी बांधून, अंगणात उभे राहून, पाच मिनिटे का होईना, पण माणूस गेला पाहिजे. दूधवाला जात होता. गॅसवाला जात होता.

कागदाचा ढीग मात्र, मी म्हणतो, उधळून द्यायला हवा होता. दत्तकाच्या २०१७ च्या नियमावलीप्रमाणे संगणकावर सुचविलेले मूल ४८ तासांत राखून ठेवायचे आणि २० दिवसांत संस्थेत जाऊन जुळणी पुरी करायची. मूल परराज्यात आणि आगगाड्या बंद, तर ते वीस दिवस कसले मोजता? असल्या मुदती वाढवाव्यात, जुना वैद्यकीय दाखला चालवून घ्यावा. दत्तकाचा अर्ज न्यायालयाने दोन महिन्यांत निकालात काढावा असे कायद्यातच लिहिले होते. पण टाळेबंदीत न्यायालये तातडीचीच कामे घेत होती, आणि मुलाचे नाव ही तातडी कोणाला वाटणार? मूल नव्या घरात येऊन आईच्या कुशीत झोपत असे, पण कागदावर ते कोणाचेच नसे. अशा एका मुलाला एका शाळेने जन्मदाखल्यावाचून दारातून परत पाठविल्याचे मी पाहिले. पुढे २०२१ मध्ये कायदा दुरुस्त झाला आणि १ सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश जिल्हाधिकारी देऊ लागले. वेळ वाचत असेल तर आनंद आहे. निवडणूक, दुष्काळ आणि मंत्र्यांचे दौरे यांतून त्यांना सवड मिळो.

आणि एवढे होऊनही दत्तक बंद पडले नाही, हेही सांगितले पाहिजे. देशातल्या देशात २०१९-२० मध्ये ३,३५१ मुले दत्तक गेली, २०२०-२१ मध्ये ३,१४२ आणि २०२१-२२ मध्ये २,९९१. म्हणजे कोणीतरी साथीतही प्रवास केला, अहवाल लिहिले, मुले सुखरूप पोहोचविली. त्यांची नावे कोणी छापली नाहीत.

'पूर्वी कोठे होते नियम? सावित्रीबाईंनी काय गृहभेट अहवाल दिला होता?' असेही मला ऐकविण्यात आले. सावित्रीबाईंचे नाव घ्यायचे तर पुरते घ्यावे. फुले पतिपत्नींनी पुण्यात १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसलेल्या विधवेचे बाळंतपण तेथे गुप्तपणे आणि सुखरूप होत असे. म्हणजे आधी विचार आईचा. तेथे जन्मलेल्या काशीबाईंच्या मुलाला त्यांनी १८७४ मध्ये आपला यशवंत केले, डॉक्टर केले. आणि १८९७ च्या प्लेगात त्याच्या दवाखान्यात रोगी पोहोचविता पोहोचविता सावित्रीबाई गेल्या. याला घाई म्हणत नाहीत. घाईचा इतिहास वेगळा आहे. दुष्काळात रस्त्यावरून उचलून नेलेले कोणते पोर कोणाच्या घरी लेक झाले आणि कोणाच्या गोठ्यात गडी झाले, याचा हिशेब कोणी ठेवला आहे काय?

परंतु माझा खरा संताप आणखी एका गोष्टीचा आहे. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने सर्वोच्च न्यायालयात आकडे दिले : १ एप्रिल २०२० ते ५ जून २०२१ या काळात ३०,०७१ मुलांवर आघात झाला; त्यांत दोन्ही पालक गेलेली ३,६२१, एक पालक गेलेली २६,१७६, टाकून दिलेली २७४. हे आकडे नीट वाचा. बहुतेकांची आई किंवा बाप जिवंत आहे. उरलेल्यांना आजी आहे, काका आहे, मोठी बहीण आहे. त्यांना नवी आई नको होती. जी आजी आहे तिच्या चुलीला लाकडे हवी होती. आपल्या राज्यात त्यासाठी बालसंगोपन योजना आहे. त्या वर्षी मुलामागे महिना १,१०० रुपये मिळत. २०२३ पासून २,२५० झाले. शिवाय राज्याने जून २०२१ मध्ये कोरोनाने पोरक्या झालेल्या मुलांच्या नावे पाच लाखांची ठेव जाहीर केली.

आणि या आजीला काय मागितले? माझ्या वर्गात अशी एक आजी नातवाला घेऊन आली. सून पूर्वीच वारलेली, मुलगा एप्रिल २०२१ मध्ये घरीच गेला. खाट मिळाली नाही, तपासणी झाली नाही. तपासणी नाही म्हणून कागदावर कोरोना नाही, आणि कोरोना नाही म्हणून ठेव नाही. मासिक मदतीसाठी तहसीलदाराचा दाखला, शिधापत्रिका, मृत्यूचे दोन दाखले, शाळेचा दाखला, बँकेचे पुस्तक, घरासमोर उभे राहून नातवासह काढलेला फोटो. ती एका कचेरीत पाच खेटे घालून आली. तेथल्या साहेबांनी तिला सांगितले, 'आजी, नियम म्हणजे नियम.' तिची बाजू सांगणारे पत्र मी लिहिले, तेही सहाव्या खेपेला कोणीतरी उघडले.

पाहा बरे गंमत! ज्यांना तान्हे मूल हवे होते त्यांच्यासाठी सारा गाव नियम मोडायला तयार. जिच्याकडे मूल होतेच, तिच्यासाठी एक दाखला सैल होईना. मुलाला घरी येऊन पाहण्याची गरज येथेही होतीच. पण आजीच्या घरी पाच महिने कोणी फिरकले नाही. बोलावले ते तिलाच. जेथे माणसाने जायचे तेथे कागद मागितला, आणि जेथे कागद सोडायचा तेथे माणसाला हेलपाटे.

नियम कधीच बदलू नयेत असे म्हणणारा मी नव्हे. २०२४ मध्ये केंद्राने संगोपनाची नवी मार्गदर्शक तत्त्वे काढली. एकट्या राहणाऱ्या पस्तीस ते साठ वयाच्या व्यक्तीलाही मूल सांभाळायला घेता येईल आणि पाच वर्षांऐवजी दोन वर्षांनी दत्तक मागता येईल, असे त्यांत आहे. उत्तम केले. साथ नसताना, बसून, विचार करून केले. तसेच साथीचेही आताच लिहून ठेवायला काय हरकत आहे? कोणता दाखला किती महिने चालवून घ्यायचा. मृत्यूचे कारण कागदावर नसेल तर गावातल्या कोणाची साक्ष पुरेल. आजी-काकांना पहिले तीन महिने दाखल्यावाचून पैसे कसे द्यायचे. आणि काय झाले तरी आईचे साठ दिवस, समितीपुढची हजेरी आणि घरची भेट यांतले काय सोडायचे नाही. लिहिण्यापूर्वी विचारावे कोणाला? संस्थांना विचारावेच, पण सांभाळून वाढविलेल्या, आज विशी-पंचविशीत असलेल्या मुलांनाही विचारावे. त्यांना आठवते कोण घरी यायचे आणि कोण येत नसे.

हे सारे परिपत्रक दोन पानांचे होईल. खात्यात कोणाला सवड नसेल तर मसुदा मी लिहून देतो. मराठीत, शुद्धलेखनासह, मानधनावाचून.