छोटी युरोपियन गाडी आणि खर्चाचा बागुलबुवा

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर गाड्यांचा विषय निघाला की एक मत हमखास ऐकू येते. युरोपियन गाडी घेताना परवडते, ठेवताना परवडत नाही. तेव्हा वॉरंटी संपली की ती विकावी आणि मारुती किंवा ह्युंदाई घ्यावी. फोक्सवॅगन पोलो, स्कोडा फॅबिया, फियाट पुंटो या बोलण्यात एकाच माळेचे मणी ठरतात. सांगणारे बहुधा अनुभवी असतात, हितचिंतक असतात, आणि त्यांचे सगळेच खोटे नाही. पण या सल्ल्यापायी धड चालणाऱ्या गाड्या पडत्या भावात जातात आणि त्यांच्या जागी कित्येक वर्षांचे कर्ज घरात येते. म्हणून या मताचा प्रतिवाद करायला हवा.

त्याचा पहिला आधार असा की, भाग परदेशातून येतात म्हणून महाग. पोलो २०१० पासून २०२२ पर्यंत चाकणला बनली, पुंटो रांजणगावला. दोन्ही पुणे जिल्ह्यातल्या. गिअरबॉक्सचे आणि इलेक्ट्रॉनिक्सचे काही भाग बाहेरून येतात हे कबूल. पण वर्षानुवर्षे झिजते ते वेगळेच असते: फिल्टर, ब्रेक पॅड, लिंक रॉड, लोअर आर्मचे बुश, क्लच प्लेट. बॉश, मान, माहले, वॅलिओ, ल्यूक यांसारख्या कंपन्या असे भाग गाड्यांच्या कारखान्यांना पुरवतात आणि आपल्या नावाच्या खोक्यातूनही विकतात. गाडीच्या कंपनीचा शिक्का असलेले खोके आणि हे खोके यांच्या किमतीतला फरक ज्याने एकदा ऑपेरा हाऊसच्या पार्टवाल्याकडे विचारून पाहिला, तो पुन्हा डोळे मिटून बिल भरत नाही.

याहून ठोस पुरावा फियाटच्या १.३ लिटर मल्टिजेट डिझेल इंजिनाचा आहे. हे इटालियन इंजिन पुंटोत होते. तेच टाटांच्या इंडिका व्हिस्टात होते. आणि परवान्याखाली बनवून मारुतीने तेच २००७ पासून स्विफ्टमध्ये, मग डिझायरमध्ये, अर्टिगात, ब्रेझात घातले. स्विफ्ट डिझेलला ‘युरोपियन, म्हणून महाग’ असे कोणी म्हटलेले आठवते का? उलट ती काटकसरीची गाडी म्हणून गाजली. पुंटो मात्र ‘ठेवायला अवघड’ म्हणून बदनाम झाली. इंजिन एकच असताना लौकिक दोन का झाले, याचा विचार या मताच्या पुरस्कर्त्यांनी करायला हवा.

उत्तर इंजिनाच्या कुळात सापडणार नाही. स्विफ्टचा फिल्टर तालुक्याच्या गावी मिळत होता आणि तिचे बोनेट उघडायला कोणताही मेकॅनिक कचरत नव्हता. फियाटच्या गाड्या काही वर्षे टाटांच्या दुकानांतून विकल्या गेल्या, तिथेच दुरुस्त झाल्या. २०१२ मध्ये फियाटने वेगळी चूल मांडली, तिचा पसारा लहान राहिला, आणि २०१९ मध्ये तिच्या पुंटो आणि लिनिया या गाड्या बंद झाल्या. भाग कुठे मिळतो आणि काम कोणाला येते, या दोन गोष्टींवर खर्च ठरतो.

हे शहर तर याचा जुना साक्षीदार आहे. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० बनवली, तिचीच पुढे १९७४ मध्ये प्रीमियर पद्मिनी झाली. आराखडा इटलीचा, इंजिन १०८९ सीसीचे. दादर-माहीमच्या कित्येक मराठी घरांतली पहिली गाडी हीच, आणि मुंबईची काळीपिवळी टॅक्सीही हीच. रोज बारा-बारा तास रस्त्यावर राहून टॅक्सीवाल्याचे पोट भरणारी गाडी पांढरा हत्ती असूच शकत नाही. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली, तीही टॅक्सीसाठी ठरवलेली वीस वर्षांची मुदत संपली म्हणून. दुरुस्ती परवडेना, असे तिच्या बाबतीत घडले नाही. गल्लोगल्ली तिचे भाग होते आणि ती खोलून जोडणारे हात होते.

यावर प्रतिपक्ष म्हणेल, पद्मिनी साधी होती, आजची गाडी संगणकावर चालते, ती कंपनीच्या सर्व्हिस सेंटरशिवाय कोण दुरुस्त करणार? हा आक्षेप वजनदार आहे. पण संगणकामुळे गाडी आपला आजार स्वतः सांगू लागली, हेही तितकेच खरे. स्कॅनर लावला की कोणत्या सिलिंडरचे ज्वलन चुकते आहे, कोणता सेन्सर गप्प आहे, ते पडद्यावर दिसते. फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या गाड्यांसाठी खास स्कॅनर आणि त्यांचे जाणकार स्वतंत्र गॅरेजवाले मुंबईत आहेत. अडचण पडद्यावरचा कोड हाच निकाल समजणाऱ्यांची आहे. कोड ‘सिलिंडर दोन’ म्हणतो. दोष कॉइलचा, प्लगचा, इंजेक्टरचा की उंदराने कुरतडलेल्या वायरचा, हे माणसालाच शोधावे लागते. दोन सिलिंडरच्या कॉइल आपसात बदलून दोष सोबत सरकतो का, हे पाहायला काही मिनिटे पुरतात. ही तपासणी न करता सगळ्याच कॉइल बदलून बिल करणारा मेकॅनिक महाग असतो, मग तो वातानुकूलित दालनात बसो वा फुटपाथवर.

‘बाहेर हात लावलात तर वॉरंटी गेली’ ही धमकीही तपासून घ्यावी. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारापासून अडवून ठेवणे, हा ठपका होता. फोक्सवॅगन, स्कोडा आणि फियाट त्या चौदांत होत्या, तशाच मारुती, टाटा, होंडा आणि टोयोटाही. नुसते बाहेरच्या गॅरेजात काम केले एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, बाहेरच्या चुकीच्या कामाने जे बिघडले तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल, असेही आयोगाने बजावले. प्रकरण पुढे अपिलांत गेले. तरी एवढे त्यातून उघड झाले की महाग भागांचे दुखणे युरोपियन बिल्ल्यापुरते नाही.

आता माझी बाजू. छोटी युरोपियन गाडी मालकाचे लक्ष मागते, आणि ते दिले तर ती वाजवी खर्चात दीर्घकाळ चालते. लक्ष म्हणजे काय, ते आपल्या परिसरापुरते सांगतो. इथल्या जुन्या तीन-चार मजली इमारतींतल्या बहुतेकांच्या गाड्या उघड्यावर, झाडांखाली उभ्या असतात. पाने काचेखालच्या जाळीत साचतात, पाणी वाहून जायची वाट बुजते आणि जूनमध्ये ते आत, पायांशी उतरते. मग ओले गालिचे, गंजलेले वायरिंगचे जोड, आणि ‘जर्मन गाडीचे इलेक्ट्रॉनिक्सच भिकार’ हा शेरा. मे महिन्यात ती जाळी हाताने साफ केली तर हे सारे टळते. समुद्र दोन पावलांवर आहे; खारा वारा खालचा पत्रा खातो, तेव्हा पावसाळ्यानंतर गाडी लिफ्टवर चढवून खालून धुवून, पाहून घ्यावी. हिंदमाताला पाणी भरले असेल तर गाडी घालूच नये, आणि पाण्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नये. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेले असले तर त्या एका स्टार्टरने कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन खोलावे लागते. विम्यात इंजिन संरक्षणाचे कलम जोडून घ्यावे.

‘आमची गाडी चालतेच कुठे, सिद्धिविनायक आणि मंडई’ असे सांगून सर्व्हिस टाळणारे ज्येष्ठ पार्कात पुष्कळ. त्यांना कळकळीने सांगतो, कमी चालणाऱ्या गाडीला वार्षिक सर्व्हिस अधिकच लागते. पोलोच्या सर्व्हिसचा हिशेब पंधरा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष असा आहे, आणि यांतले जे आधी येईल ते धरायचे. लहान फेऱ्यांत इंजिन पुरते तापत नाही, ऑइलमध्ये ओल आणि इंधन उतरते. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते, ते दोन वर्षांनी बदलायचे. ऑइल पुस्तिकेत लिहिलेल्या मानकाचेच हवे आणि कुलंट त्याच जातीचे. हिरवे-गुलाबी एकत्र ओतून किंवा नळाचे पाणी भरून वाचवलेले चारशे रुपये पुढे रेडिएटर आणि थर्मोस्टॅटच्या रूपाने वसूल होतात. स्वस्त जुगाडालाही माझा विरोध आहे, तो याचसाठी.

एक वही ठेवा. तारीख, किलोमीटर, काय बदलले, भागाचा क्रमांक, बिल. जुना भाग मागून घ्या, पाहा. भागाचा क्रमांक हाती असला की तो भाग पोलोचा, फोक्सवॅगन व्हेंटोचा की स्कोडा रॅपिडचा हे पार्टवाला क्षणात सांगतो आणि तीन ठिकाणी भाव विचारता येतो. आरसा, दिवा, दाराचे कुलूप कुर्ल्याच्या जुन्या मालातून घ्यायला हरकत नाही, पण पक्के बिल घेऊनच. ब्रेक, स्टिअरिंग, टायमिंग बेल्ट जुने कधीही घेऊ नका.

प्रतिपक्षाचे एक म्हणणे मात्र मी पूर्ण मान्य करतो. सात गिअरांची, कोरड्या दुहेरी क्लचची डीएसजी गिअरबॉक्स दादर टीटीच्या रांगेत इंच-इंच सरकताना तापते, आणि तिचे मेकॅट्रॉनिक युनिट किंवा क्लच गेला तर बिल लाखाच्या घरात जाऊ शकते. सर्व्हिसची नोंद नसलेली अशी जुनी गाडी घेऊ नका, कितीही स्वस्त मिळो. मॅन्युअल पोलो किंवा पुंटोला हा नियम लावणे मात्र अन्याय आहे.

आणि लाखाचे बिल म्हणजे नेमके किती? दहा लाखांचे कर्ज ९ टक्क्यांनी सात वर्षांसाठी काढले, तर महिन्याचा हप्ता सोळा हजारांच्या वर येतो. सहा महिन्यांच्या हप्त्यांत लाख जवळजवळ संपतात, आणि हप्ते चौऱ्याऐंशी असतात. दुरुस्तीचे बिल एकदम डोळ्यांसमोर येते म्हणून टोचते, हप्ता बँकेतून गुपचूप कापला जातो म्हणून टोचत नाही. महिन्याला तीन हजार वेगळे काढले तर वर्षाला छत्तीस हजार होतात. मॅन्युअल गिअरच्या, नीट ठेवलेल्या छोट्या गाडीला बहुतेक वर्षी ते पुरावेत, आणि उरलेले पुढच्या क्लचसाठी साठतात. पंधरा वर्षांनी पुनर्नोंदणीसाठी २०२२ पासून सहाशेचे पाच हजार रुपये झाले, तेही याच साठ्यातून निघतात.

तेव्हा कट्ट्यावरच्या सल्ल्याने गाडी विकायला काढण्याआधी गेल्या तीन वर्षांची बिले शोधा, त्यांची बेरीज करा आणि नव्या गाडीच्या तीन वर्षांच्या हप्त्यांशेजारी मांडा. विकायची की ठेवायची, ते त्या दोन आकड्यांवर ठरवा.