बायोडाट्यातला रंगाचा रकाना

लग्नसराई जवळ आली की आपल्या हिमायतनगरच्या ग्रुपवर बायोडाटे पडायला लागतात. नाव, शिक्षण, उंची, शेती किती, आणि मग तो रकाना: रंग. त्यात 'काळा' लिहिलेला बायोडाटा मी तरी अजून पाहिला नाही. सगळे गोरे, नाहीतर निमगोरे. भर उन्हात कापूस वेचणाऱ्या तालुक्यात एवढे गोरे आले कुठून?

या खुळावर सव्वाशे वर्षांहून जास्त काळ धंदा चाललाय. १८८० च्या दशकात इंग्लंडात पेअर्स साबणाची जाहिरात निघाली. गोरं लेकरू काळ्या लेकराला टबात अंघोळ घालतंय. दुसऱ्या चित्रात काळ्याचं अंग पांढरं झालंय, तोंड तेवढं काळं राहिलंय, आणि गोरं पोरगं त्याला आरसा दाखवतंय. म्हणजे काळी कातडी हा मळ! १८९९ मध्ये त्याच साबणाच्या जाहिरातीत अमेरिकेचा आरमारप्रमुख ड्युई हात धुताना दाखवला, आणि मागासांना स्वच्छता शिकवणं हे गोऱ्यांचं कर्तव्य म्हणून सांगितलं. तेव्हा तिकडं फिलिपिन्समध्ये अमेरिकेच्या तोफा धडाडत होत्या.

आज आपल्याकडं पेअर्स हिंदुस्थान युनिलिव्हर विकते. फेअर अँड लव्हलीही तिचीच, १९७५ ची. सावळी पोरगी खाली मान घालून, उजळ झाली की नोकरी पण आणि नवरा पण. २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइडच्या खुनानंतर जगभर बोंब झाली तेव्हा नाव बदलून ग्लो अँड लव्हली केलं. गिऱ्हाईक तेच.

कोणी म्हणेल, हे वेड इंग्रजांच्या आधीचं. आहेच की. त्याला जातीचा वास पण आहे. म्हणून काय कंपनीनं त्यावर दुकान मांडावं?

आणि याहून वाईट आहेत त्या स्टेरॉइडच्या ट्यूबा. काही दिवस चेहरा उजळतो, मग कातडी पातळ पडते, लाल चट्टे, पुरळ, केस. २०१८ मध्ये सरकारनं अशी १४ औषधं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरी आमच्या घरातल्या पोरीला ट्यूब नुसत्या मागण्यावर मिळाली. बारावीचं अख्खं वर्ष तिनं तोंडाला ओढणी बांधून काढलं. दुकानदाराला दोष देतोच, पण 'जरा उजळ पाहिजे होती' म्हणणारे आम्ही घरचेच होतो.

रान दाखवताना आपण छाती फुगवून सांगतो, काळी आहे, मुरमाड नाही. मग पोरगी काळी म्हणताना जीभ काहून अडते?

यापुढं ग्रुपवर रंगाचा रकाना असलेला बायोडाटा आला की मी तिथंच, सगळ्यांसमोर विचारणार आहे. राग आला तर येऊ द्या.