बलाला विनयाची जोड हवी

आज श्रीहनुमान जयंती. कोल्हापुरातील तालमीतालमींतून आज मारुतिरायाला शेंदूर चढेल. समुद्र उल्लंघणारा हा महाबली श्रीरामांपुढे हात जोडूनच उभा असतो, हे आम्ही कीर्तनातून नित्य सांगत आलो. विनयावाचून बल म्हणजे केवळ दांडगाई होय.

हा धडा मुलांना पोथीतूनच मिळतो असे नाही. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेल्या व १९१२ साली पूर्ण झालेल्या खासबाग मैदानात तो डोळ्यांना दिसतो. मल्ल प्रथम तांबड्या मातीला वंदन करतो, मग सलामी झडते, आणि चितपट झालेल्या प्रतिस्पर्ध्यालाही विजेता पुष्कळदा हात देऊन उठवतो.

परंतु मूल आखाड्याकडे जितके पाहते, तितकेच शेजारी बसलेल्या वडिलांच्या मुखाकडे पाहते. शाहू स्टेडियमवरील पेठांची ईर्षा असो वा घरी दूरचित्रवाणीवरील क्रिकेट. आपला संघ हरताच वडीलधाऱ्यांनी पंचांना शिव्या घातल्या, तर सायंकाळच्या ‘शुभंकरोती’चा संस्कार तेथेच पुसला जातो.

त्याऐवजी मुलांना खाशाबा जाधवांची कथा सांगावी. १९५२ साली त्यांना हेलसिंकीला जाता यावे म्हणून राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवले. खाशाबांच्या कांस्यपदकामागे एका गुरूचा असा त्याग उभा होता.

म्हणून आमचे सांगणे इतकेच : खेळ सहकुटुंब अवश्य पहावा, आणि पराभूतासाठीही टाळी वाजवावी. मुले ती विसरणार नाहीत.