शुश्रूषेचे तास कोणाच्या खात्यावर?

घरात अंथरुणाला खिळलेले माणूस असले की नातेवाईक रुग्णाची चौकशी करतात. त्याला रात्री चारदा कुशीवर वळविणाऱ्या सुनेची झोप किती झाली, हे क्वचितच कोणी विचारते. अलीकडे निदान हा प्रश्न विचारला जाऊ लागला आहे आणि त्याचे उत्तर म्हणून संगणक व मोबाइल पुढे करण्यात येत आहेत. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची काळजी वाहणाऱ्या कुटुंबीयांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने 'आयसपोर्ट' नावाचा ऑनलाइन कार्यक्रम तयार केला आहे. रुग्णाच्या बदललेल्या वागण्याला कसे सामोरे जावे, स्वतःची काळजी कशी घ्यावी, असे धडे त्यात आहेत.

हेतू स्तुत्य आहे, यात शंका नाही. परंतु बंगळूरच्या 'निम्हान्स' संस्थेतील संशोधकांनी त्याची भारतात जी पारख केली, तिचे २०२१ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष विचार करावयास लावणारे आहेत. सहभागी झालेल्या १५१ कुटुंबीयांपैकी तीन महिन्यांनंतर अवघे ५५ उरले. रुग्णाकडे माणूस म्हणून पाहण्याची दृष्टी कार्यक्रमाने सुधारली; खिन्नता आणि शुश्रूषेचा भार यांत मात्र लक्षणीय फरक आढळला नाही. इतक्या अल्प संख्येवरून कार्यक्रमच निरुपयोगी ठरविणे घाईचे होईल. तथापि एक शंका मनातून जात नाही. धडा वाचावयासही वेळ लागतो, आणि नेमका तोच या माणसांपाशी नसतो.

अर्थशास्त्राने या वेळेची दखल घेतली नाही, हा आमच्या शास्त्राचा जुना दोष. गृहस्थाने आपल्या पगारी गृहव्यवस्थापिकेशी विवाह केला तर राष्ट्रीय उत्पन्न घटते, ही विसंगती पिगू यांनी दाखवून दिल्यास शंभर वर्षे उलटली. आजही ब्युरोतून आणलेल्या मावशीचे वेतन उत्पन्नात धरले जाते. तेच काम करणाऱ्या मुलीचे श्रम धरले जात नाहीत. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, घरातील व्यक्तींची विनामूल्य काळजी घेणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी १३४ मिनिटे देत होत्या, तर पुरुष ७६ मिनिटे. (यात मुलांचे संगोपनही आले.) रांधणे, धुणे याखेरीजची ही मिनिटे आहेत.

२०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर 'टेलि-मानस' ही मोफत सेवा उपलब्ध आहे. मन मोकळे करावयास जागा नसलेल्यांना तिचा आधार वाटेल, आणि असे क्रमांक प्रत्येक रुग्णालयाने घरी जाणाऱ्या रुग्णाच्या कागदपत्रांवर छापावेत. पण दूरध्वनीवरचा समुपदेशक सासऱ्यांना भरवू शकत नाही. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना अपत्यसंगोपनासाठी संपूर्ण सेवाकाळात ७३० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते. अंथरुणावरच्या सासऱ्यांसाठी अशी स्वतंत्र रजा नाही. खासगी नोकरीतल्यांविषयी तर बोलावयासच नको!

तेव्हा आरंभ लहानसाच असावा. नगरपालिकेच्या आरोग्य केंद्राने प्रशिक्षित परिचारिका वा मदतनीस आठवड्यातून एक दुपार, चार तास, अशा घरी पाठवावी. शुल्क कारकुनाच्या पगारात बसेल इतकेच असावे, उरलेला खर्च पालिकेने व राज्य शासनाने उचलावा. त्या चार तासांत त्या बाईने ऑनलाइन धडा वाचावा, बँकेचे काम उरकावे, की नुसते झोपावे, हे तिचे तिने ठरवावे.