झोपाळ्याची फळी

गेल्या महिन्यात आमच्या घरी एक लहानसा खटला उभा राहिला. वादी माझा पुतण्या, प्रतिवादी माझी पंच्याऐंशी वर्षांची आई. आणि पस्तीस वर्षे वर्गातील तंटे मिटविल्याच्या पुण्याईवर न्यायाधीशपद माझ्या गळ्यात पडलेले. वादाची वस्तू म्हणजे आमच्या माजघरातील झोपाळ्याची फळी.

हकीकत अशी. चिरंजीवांनी नोकरीच्या पहिल्या वर्षातील शिल्लक जपून ठेविली होती. तीतून विजेची गिटार घ्यावयाची, आणि तीही दुकानातील तयार नव्हे, तर कारागिराकडून आपल्या पसंतीने घडवून. कारागिराने विचारले, लाकूड कोणते? वाद्याचा सारा गळा लाकडात असतो असे याने कोठे तरी वाचलेले; आणि घरात पाच फूट लांब, दीड फूट रुंद, दोन इंच जाड अशी जुनी काळीभोर शिसवी फळी टांगलेली. तीवर आई रोज दुपारी वाती वळीत बसते. "काका, तुम्हीच आजीला सांगा. असे लाकूड आता पैसे मोजूनही मिळत नाही," असा त्याचा आग्रह.

मला गिटारीतले काही कळत नव्हते. परंतु विषय समजून घेतल्यावाचून निकाल देणे हे शिक्षकाच्या जातीस शोभत नाही. म्हणून त्यालाच समोर बसवून उलटतपासणी केली आणि चार पुस्तकेही चाळली.

वीणा, सतार अथवा तंबोरा यांचा आवाज मोठा होतो तो भोपळ्याच्या व तबलीच्या पोकळीमुळे. विजेच्या गिटारीस ती पोकळी बहुधा नसतेच. तारांखाली लोहचुंबक असून त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे दिलेले असतात. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकाचे क्षेत्र हलते आणि वेढ्यांत वीज उत्पन्न होते. फॅरेडेने १८३१ साली दाखविलेले हेच तत्त्व आम्ही शाळेत पाठ केले होते. ती वीज यंत्राने वाढवून कर्ण्यातून ऐकावयाची. म्हणजे चुंबकास ऐकू येते ती तार, लाकूड नव्हे. पोलादाऐवजी नायलॉनची तार लावली तर हे वाद्य मुकेच राहील.

१९४० च्या सुमारास लेस पॉल या अमेरिकन वादकाने याची मोठी गमतीची साक्ष दिली. पाइनचा चार इंची चौकोनी वासा घेऊन त्यावर त्याने तारा व चुंबक बसविले. वाद्य वाजे उत्तम. पण वासा वाजविणारा मनुष्य लोकांच्या डोळ्यांस रुचेना. मग त्याने एका जुन्या गिटारीचे दोन अर्धे तुकडे वाशाच्या दोन्ही अंगांस जोडले. लोक लगेच खूष झाले! आवाज तोच, समाधान डोळ्यांचे.

याचा अर्थ लाकूड कसलेही चालते असा नव्हे. दांडी व धड घट्ट असेल तर तारेचा नाद अधिक वेळ टिकतो. शिवाय ओझे आहेच. धडासाठी परदेशी कारागीर आल्डर, ॲश, महोगनी ही झाडे पसंत करतात. आपल्याकडे सतारीस वापरतात ते तून महोगनीच्याच, म्हणजे कडुनिंबाच्याही, कुळातले असून हलके आहे. तुनाचे धड दोन किलो भरले तर तेवढेच शिसवाचे साडेतीन किलोंच्या घरात जाईल. फेंडर कंपनीने १९६८ मध्ये जॉर्ज हॅरिसनसाठी, म्हणजे पं. रविशंकरांकडे सतार शिकलेल्या त्या बीटल वादकासाठी, सबंध शिसवाच्या जातीच्या लाकडाची गिटार केली होती. ती वजनदार म्हणूनच प्रसिद्ध आहे. पुतण्याच्या खांद्याकडे पाहून मी पहिला हुकूम दिला : धड तुनाचे.

लाकडाची खरी परीक्षा आहे ती दांडीत. सहा तारा मिळून तिला सुमारे पंचेचाळीस किलोंनी ओढतात, अहोरात्र. लाकूड कच्चे असेल तर पहिल्याच पावसाळ्यात ती वाकते. म्हणून ते पुरते वाळलेले आणि उभ्या चिरेचे हवे. कारण लाकूड वर्तुळरेषांच्या दिशेने जितके आकसते त्याच्या जवळजवळ निम्मेच गाभ्यापासून सालीच्या दिशेने आकसते. मेपलच्या दांडीच्या पोटात पोलादी सळई घालतात आणि तिची कळ पिळून बाक काढता येतो.

या दांडीवर बोटे फिरण्यासाठी एक पातळ पट्टी चिकटवितात. आणि शिसवाचे स्थान नेमके येथे आहे. ते कठीण, अंगचे तेलकट, रोगणावाचून टिकणारे. ब्राझिलच्या शिसवाचा आंतरराष्ट्रीय व्यापार १९९२ साली बंद झाला. त्याच्या आधीपासूनच जगातले गिटारवाले हिंदुस्थानच्या शिसवाकडे वळले होते. पडदे या पट्टीतच ठोकतात. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले, सरकविता येतात; हे कायमचे. म्हणून त्यांचा हिशेब चोख लागतो. तारेची मोकळी लांबी साडेपंचवीस इंच धरली, तर तीस १७.८१७ ने भागून पहिला पडदा १.४३ इंचांवर, उरलेल्या लांबीस पुन्हा त्याच अंकाने भागून दुसरा, असे करीत गेले की बारावा बरोबर मध्यावर येतो. मी कागदावर करून पाहिले, आले. फार दिवसांनी असा आनंद झाला.

पैसा खर्चावयाचा तर तो दातेरी चाकांच्या खुंट्यांवर आणि घोडीवर, हे मी त्यास बजावले; स्वर उतरू लागला तर भारी लाकूड काय कामाचे? चुंबक पुढे बदलता येतात. एकेरी वेढ्यांचा चुंबक घरातल्या विजेची घरघरही पकडतो. उलट-सुलट दोन वेढे जोडून ती घरघर मारण्याची युक्ती गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हरने १९५५ मध्ये काढली. पुतण्यास मात्र एकेरीचाच आवाज आवडतो. तो प्रश्न त्याच्या कानांचा. त्यात मी पडलो नाही. तारा जिच्यावर टेकतात ती वरची पट्टी हाडाची असते हे ऐकून वहिनींनी नाक मुरडले. तंबोऱ्याच्या घोड्याही शिंगाच्या नि हाडाच्या असत, हे मी सांगितल्यावर त्या काही बोलल्या नाहीत.

आता उरली आई. मी सारे निवेदन केल्यावर तिने एकच विचारले, "किती हवी?"

"वीस इंच लांब, पावणेतीन इंच रुंद, पाव इंच जाड."

"एवढीच? मग पोरगा सगळी फळी का मागत होता?" पुतण्या खाली पाहू लागला. "भिंतीकडची कड काढा. तिला कुसळे निघाली आहेत, माझा पदर अडकतो."

सुतार आला. कड तीन इंच कमी झाली. त्या अंगाच्या दोन कड्या आत सरकवून नवी भोके पाडावी लागली. जुन्या भोकांभोवती लोखंडाचे काळे डाग पडले होते, तेवढा भाग टाळून मधला तुकडा घेतला. आत लाकूड जांभळट निघाले. सुताराने हातात घेऊन बराच वेळ पाहिले.

पट्टी आता कारागिराकडे आहे. पावसाळा सरून ती स्थिर होईपर्यंत दांडीस चिकटवावयाची नाही असे त्याने कळविले आहे. आई झोपाळ्यावर बसली की पुतण्यास विचारते, "दसऱ्यापर्यंत होईल का रे?"