शर्यत 100 मीटरची, पदक चौघींचं: अलेक्झांड्रा बुर्गहार्टचा हिशेब

सप्टेंबर 2025 मध्ये टोकियोच्या जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत जर्मनीच्या महिलांनी 4×100 मीटर रिलेचं कांस्यपदक जिंकलं. वेळ 41.87 सेकंद. त्याच्या आदल्या वर्षी पॅरिस ऑलिंपिकमध्येही त्यांना कांस्यच मिळालं होतं. गंमत अशी, की या दोन्ही स्पर्धांत 100 मीटरच्या अंतिम फेरीत जर्मनीची एकही धावपटू नव्हती. एकेकटीला जे जमत नाही, ते चौघींना मिळून कसं जमतं?

याचं उत्तर टोकियोच्या त्या संघात नसलेल्या एका धावपटूच्या कारकिर्दीत सापडतं. तिचं नाव अलेक्झांड्रा बुर्गहार्ट. 1994 साली बव्हेरियातल्या म्यूल्डोर्फमध्ये तिचा जन्म झाला. 100 मीटरमध्ये तिची सर्वोत्तम वेळ 11.01 सेकंद, ती 2021 मधली. वेळ उत्तमच, पण जागतिक पातळीवर वैयक्तिक पदकासाठी ती पुरत नाही. ऑलिंपिक किंवा जागतिक स्पर्धेत 100 मीटरचं पदक तिच्या नावावर नाही.

तरीही तिचं एक वर्ष बघण्यासारखं आहे. ऑगस्ट 2021 मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या रिलेत जर्मनीचा संघ पाचवा आला, त्यात ती होती. त्यानंतर तिने बॉबस्लेची वाट धरली. बर्फाच्या नळीतून घसरगाडी हाकायचा हा खेळ. फेब्रुवारी 2022 मध्ये बीजिंगच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये मारियामा यामांकाच्या मागे बसून तिने दुहेरी बॉबस्लेचं रौप्य मिळवलं. जुलैमध्ये अमेरिकेतल्या यूजीनला जागतिक स्पर्धेत रिलेचं कांस्य आणि ऑगस्टमध्ये म्युनिकला युरोपियन स्पर्धेत रिलेचं सुवर्ण. एवढं सगळं साधारण वर्षभरात. मग 2024 मध्ये पॅरिसचं कांस्य आलं आणि उन्हाळी-हिवाळी दोन्ही ऑलिंपिकमध्ये पदक मिळवणाऱ्या मोजक्या खेळाडूंत ती जाऊन बसली.

बर्फ आणि ट्रॅक यांचा संबंध काय, असं वाटेल. दुहेरी बॉबस्लेत पुढची खेळाडू गाडी वळवते. मागची सुरुवातीला जीव तोडून गाडी ढकलते, उडी मारून आत बसते, मान खाली घालते आणि शेवटी ब्रेक ओढते. तिचं खरं काम पहिल्या पन्नासेक मीटरमध्येच संपतं. थोडक्यात, स्प्रिंटरचं भांडवल तेच, दुकान दुसरं. धोकाही आहेच. जड गाडी ढकलायला अंगात वजन लागतं आणि धावायला ते अडचणीचं ठरतं. दोन्ही सांभाळणं सोपं नाही, आणि दुखापतींशी तर तिची जुनीच ओळख.

आता रिलेकडे येऊ. बुर्गहार्टसारख्या 11.01 वाल्या चौघी घेतल्या तर बेरीज होते 44.04. पॅरिसमध्ये जर्मनीने वेळ दिली 41.97. म्हणजे दोन सेकंदांहून जास्त नफा. तो येतो कुठून? पहिली धावपटू तेवढी जागेवरून सुटते, बाकी तिघी बॅटन हातात येईपर्यंत वेगात आलेल्या असतात. पण बॅटन 30 मीटरच्या पट्ट्यातच द्यायचा आणि दोघींचा वेग जुळलेला हवा. पॅरिसमध्ये अमेरिकेच्या पुरुषांचा पहिलाच बदल फसला आणि संघ बाद झाला. त्यांच्याकडे वेग कमी होता असं कोणी म्हणणार नाही. जर्मनीच्या बुर्गहार्ट, लिसा मायर, गिना ल्युकेनकेम्पर आणि रेबेका हासे मात्र पावसाने भिजलेल्या ट्रॅकवर बॅटन सांभाळून घेऊन गेल्या. 1990 च्या एकीकरणानंतर या प्रकारातलं जर्मनीचं हे पहिलं ऑलिंपिक पदक होतं. त्याआधीचं पदक 1988 मध्ये सोलला पूर्व जर्मनीने मिळवलेलं रौप्य.

या पदकाची किंमत कळायला 2023 आठवावं लागतं. त्या वर्षी बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत जर्मनीच्या अ‍ॅथलेटिक्स संघाला एकही पदक मिळालं नाही. तसं पूर्वी कधीच झालं नव्हतं. पॅरिसमध्ये अ‍ॅथलेटिक्सची चार पदकं आली, त्यातलं एक या चौघींचं. अशा वेळी टीका ठरलेलीच: रिलेच्या पदकामागे वैयक्तिक धावण्यातली पीछेहाट झाकली जाते. टीका अगदी खोटी नाही. पण कॅरिबियन बेटांवर किंवा अमेरिकेत तयार होणारा वेग जर्मनीने पैसे ओतून उद्या मिळणारा नाही. बॅटनचा सराव मात्र दर वर्षी करता येतो, आणि फळ देतो असं निकाल सांगतात.

टोकियोत पॅरिसच्या चौघींपैकी हासे आणि ल्युकेनकेम्पर दोघीच उरल्या होत्या. झिना मायर आणि झोफिया युंक नव्याने आल्या. तरीही वेळ पॅरिसपेक्षा दहा शतांश सेकंदांनी कमी झाली. पुढची परीक्षा ऑगस्ट 2026 मध्ये बर्मिंगहॅमच्या युरोपियन स्पर्धेत आहे. तिथे जर्मनीसमोर यजमान ब्रिटनच्या मुली असतील, ज्यांनी पॅरिसमध्ये जर्मनीच्या पुढे राहून रौप्य नेलं होतं.