‘सगळ्या कॅसेट चालतात’ म्हणे!

जुन्या व्हिडिओ गेमच्या नव्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं, ‘सगळ्या कॅसेट चालतात’. खोकं घरी येतं, चाळिशीतला बाप आपलं बालपण मुलाला दाखवायला बसतो, मारिओ धावू लागतो आणि घर खूश होतं. तक्रारी नंतर सुरू होतात. एखादी कॅसेट करड्या पडद्यापलीकडे जातच नाही, एखादीत मध्येच चित्राच्या चिंध्या होतात, एखादीचं गाणं भलत्याच गळ्यातून येतं. दुकानदार म्हणतो, कॅसेट खराब आहे, फुंकर मारा. कॅसेट बिचारी बहुधा निर्दोष असते.

मूळ यंत्र निंटेंडो कंपनीचं ‘फॅमिकॉम’. ते जुलै १९८३ मध्ये जपानात आलं आणि १९८५ पासून अमेरिकेत ‘एनईएस’ नावानं विकलं गेलं. १९९०च्या दशकात आपल्याकडे टीव्हीला जोडलेली पुष्कळशी यंत्रं याचीच नक्कल होती. रशियात १९९२ पासून ‘डेंडी’ नावानं नक्कलच घरोघरी गेली. अस्सल आपल्या आवाक्यात नव्हतं, तेव्हा नकलेकडे बघून नाक मुरडण्याचं कारण नाही. पण नकलेनं स्वतःला पूर्ण म्हणवून घ्यावं, हे मात्र मला मान्य नाही.

या यंत्राला कॅसेटमधला कार्यक्रम साधारणपणे एका वेळी ३२ किलोबाइटच दिसतो, आणि चित्रांसाठी आणखी ८. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ (१९८५) बरोबर या ४० किलोबाइटांत बसवलेला. म्हणून तो कोणत्याही डबड्यावर धावतो. पुढे खेळ फुगले. ‘सुपर मारिओ ब्रदर्स ३’ (१९८८) तर ३८४ किलोबाइटांचा. तो मावावा म्हणून कॅसेटमध्येच एक जादा चिप बसवली. ती हवा तो तुकडा यंत्रापुढे ठेवते, नको तो मागे सारते. या तुकड्यांना तंत्रज्ञ ‘बँक’ म्हणतात! आयुष्य बँकेत काढलेल्या माणसाला हे आवडणारच. खिडकी एकच, खातेवह्या ढीगभर, आणि समोर एका वेळी एकच वही उघडायची.

आता अशा चिपांच्या तऱ्हा अनेक, आणि काही भलत्याच चौकस. ‘कॅसलव्हेनिया ३’च्या १९९० सालच्या अमेरिकी आवृत्तीतली चिप यंत्राच्या चित्र काढणाऱ्या भागावर सतत पाळत ठेवते आणि त्यावरून आपली कामं ठरवते. स्वस्त नकलेत सगळं यंत्र एकाच चिपमध्ये कोंबलेलं असतं. तिथून बाहेर येणारे संकेत मूळाबरहुकूम नसतात. मग ती चिप गोंधळते आणि खेळ अडतो. हा खेळ अशा कितीतरी यंत्रांवर चालत नाही. आवाजाचंही तसंच. काही नकलांत मूळ यंत्राच्या दोन ध्वनिछटांची चक्क अदलाबदल झाली आहे. सूर तोच, पण सनईच्या जागी पिपाणी. (त्यावर वाढलेल्या पोराला अस्सल आवाजच खोटा वाटला, तर त्याला काय म्हणावं?)

नकलकारांच्या पदरी पुण्यही आहे, ते सांगितलं पाहिजे. आपले जुने टीव्ही सेकंदाला ५० वेळा चित्र रेखणारे, तर जपानी खेळ ६०च्या हिशेबानं रचलेले. निंटेंडोच्याच युरोपीय यंत्रावर काही जपानी खेळ बिघडत. तैवानच्या यूएमसी कंपनीनं मात्र ५०च्या टीव्हीवरही जपानी खेळांची घडी मोडू नये अशा बेतानं चिप बनवल्या. खेळ एक षष्ठांशानं मंद चाले, पण चाले. ‘डक हंट’ची बंदूक आज नेम धरत नाही, त्यातही यांचा दोष नाही. ती जुन्या काचेच्या टीव्हीच्या झपझप उमटणाऱ्या प्रकाशावर बेतलेली; सपाट पडद्यापुढे ती आंधळी.

प्रश्न एवढाच नाही की ग्राहकाचे पैसे गेले. निंटेंडोनं फॅमिकॉमचं उत्पादन २००३ मध्ये थांबवलं, २००७ मध्ये दुरुस्तीही बंद केली. अस्सल यंत्रं हळूहळू मरणार. नकलकार यंत्र तपासतो ते मारिओ आणि काँट्रा लावून; खपणारे चार खेळ चालले की काम संपलं. म्हणजे उरणार ते सरळसोट खेळ, आणि ज्यांनी त्या गरीब यंत्राकडून अशक्य ते करून घेतलं, नेमके तेच आधी बुडणार. कादंबरीतली अवघड प्रकरणं गाळून ती ‘संपूर्ण’ म्हणून विकली, तर आम्ही लेखक प्रकाशकाच्या दारात बसू. इथं कोणी हूं की चूं करत नाही. न चालणाऱ्या खेळांची यादी खोक्यावर छापायला कितीशी शाई लागणार आहे?

तोवर दुकानात जाताना मारिओ नेऊ नका. घरातली सगळ्यात हट्टी कॅसेट न्या, आणि पैसे मोजण्याआधी अर्धा तास तिथंच खेळत बसा. दुकानदार वैतागेल. वैतागू द्या.